भामिनी, वनमाला आणि कोल्हापूर : ‘मानापमान’मधील वेषांतराची गोष्ट

१/ कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदान आणि जुने पॅलेस थिएटर एकमेकांना खेटून उभे आहेत. दोन्ही राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली; मैदान १९१२चे, नाट्यगृह १९१५चे. एकीकडे लाल मातीत मल्लांची झुंज, तर दुसरीकडे नऊवारी नेसून, दागिने लेवून रंगमंचावर येणारे पुरुष. याच नगरीशी जोडल्या गेलेल्या तीन कलावंतांच्या नावाभोवती वेषांतराच्या एका अजरामर सुखात्मिकेचा इतिहास गुंफलेला आहे : ‘संगीत मानापमान’.

२/ नाटककार होते सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. त्यांच्या ‘कीचकवधा’वर इंग्रज सरकारने १९१० साली बंदी घातली होती. पुराणकथेच्या आडून कर्झनशाहीवर केलेला प्रहार सरकारने नेमका ओळखला होता. त्यानंतर खाडिलकरांनी प्रथमच संगीत नाटक लिहिले. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने मुंबईत ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले.

३/ कथानक असे. भामिनी श्रीमंत घरातील कन्या. पित्याने तिच्यासाठी पराक्रमी पण निर्धन सेनानी धैर्यधर योजलेला. भामिनीला दारिद्र्याचा तिटकारा. ती त्याला नाकारते. हा अपमान धैर्यधराच्या जिव्हारी लागतो आणि श्रीमंत कन्येविषयी त्याच्या मनात कायमची अढी बसते. तिकडे संपत्तीने ओथंबलेला आणि काळजाने भित्रा असा लक्ष्मीधर भामिनीसाठी आशाळभूत होऊन बसलेला असतो.

४/ मग भामिनी दागिने उतरवते, साधी वस्त्रे नेसते आणि ‘वनमाला’ या नावाने धैर्यधराच्या सहवासात येते. ती त्याला पारखायला जाते आणि त्याच्यावर अनुरक्त होते. धैर्यधरही वनमालेवर जीव टाकतो. जिचा तो मनोमन तिरस्कार करतो, तिच्याकडेच तो प्रेम व्यक्त करीत असतो.

५/ येथे फसवणूक केवळ वेषाची नाही. गरिबीत थोरवी असू शकत नाही, असे भामिनीने स्वतःला पटवून दिलेले असते. श्रीमंतीत हृदय असू शकत नाही, असे धैर्यधरानेही स्वतःला तितकेच पक्के पटवलेले असते. दोघांची चूक एकाच जातीची आहे : दोघेही माणूस न पाहता त्याची सांपत्तिक स्थिती पाहतात. ज्याला आपण स्वाभिमान म्हणतो, त्यात अहंकार किती मिसळलेला असतो, हा या नाटकाचा खरा प्रश्न. शीर्षकातील ‘मान’ आणि ‘अपमान’ म्हणूनच दोघांच्याही वाट्याला येतात.

६/ युरोपीय रंगभूमीलाही ही युक्ती जुनीच. शेक्सपिअरच्या ‘अॅज यू लाइक इट’मध्ये रोझलिंड पुरुषवेष घेऊन आपल्याच प्रियकराला प्रेमाचे धडे देते. त्या काळी इंग्लंडमध्ये स्त्रीभूमिका मुलगे करीत. त्यामुळे मुलगा स्त्री होई आणि ती स्त्री पुन्हा मुलगा होई. ‘मानापमान’मध्येही वेषावर वेष चढतो : पुरुष नट भामिनी होतो आणि भामिनी वनमाला होते.

७/ तो नट म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. शाहू महाराजांनी या मुलाचा गळा हेरला होता. त्याच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेत उपचार झाले, तेही महाराजांच्याच आधाराने. पुढे १९०५ साली तो किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. बालगंधर्वांची नेसण्याची आणि गजरा माळण्याची ढब घरंदाज स्त्रिया अनुसरू लागल्या. पुरुषाने साकारलेले स्त्रीरूप स्त्रियांचाच आदर्श ठरले. प्रेक्षागृहाने आनंदाने पत्करलेली ही भूल होती.

८/ ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग मात्र थांबला नाही. त्या रात्री भामिनीच्या हास्याखाली आणखी एक वेष होता, आणि तो प्रेक्षकांना दिसत नव्हता.

९/ पदांच्या चाली दिल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांनी. उत्तरेकडील ठुमरी, दादरा, कजरी या बैठकीच्या गायनप्रकारांचा सुगंध त्यांनी मराठी पदांत आणला. मैफलीत तवायफांच्या कंठी असलेला शृंगार आता भामिनीच्या मुखी आला आणि सहकुटुंब ऐकला जाऊ लागला. एका अर्थी सुरांनीही वेषांतरच केले होते.

१०/ तिसरे नाव कोल्हापूरचेच : केशवराव भोसले. जन्म ९ ऑगस्ट १८९०. पोरवयात देवलांच्या ‘शारदे’ची नायिका साकारून ते गाजले, आणि १९०८ साली त्यांनी हुबळीत ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श यांचे चाहते आपापल्या दैवतासाठी हमरीतुमरीवर येत.

११/ ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी या दोन मंडळ्यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. मानाच्या गाठी सोडवणाऱ्या नाटकासाठी दोन प्रतिस्पर्ध्यांनी आपला मान बाजूला ठेवला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव निवर्तले. वय अवघे एकतीस.

१२/ वेषांतराच्या या युगाला ओहोटी लागली तीही कोल्हापुरातूनच. १९३२ साली प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, आणि त्यांच्यासमोर तारामती म्हणून उभ्या राहिल्या दुर्गा खोटे. १९३५ साली प्रभातच्याच ‘धर्मात्मा’त बालगंधर्व संत एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत दिसले. कॅमेऱ्यापुढे आलेले हे बालगंधर्व भामिनीवर लुब्ध झालेल्या रसिकांच्या मनात तितकेसे रुजले नाहीत. धैर्यधराप्रमाणे त्यांचेही प्रेम एका रूपावर जडलेले होते.

१३/ पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ते आगीत होरपळले. दुसऱ्या दिवशी त्या जळक्या वास्तूसमोर कोल्हापूरकरांचे डोळे भरून आले. ‘मानापमान’ची भामिनी दागिने उतरवल्यावरच खरी दिसू लागते. सजावट जळून गेलेल्या त्या भिंतींकडे पाहताना या नगरीलाही कळले असावे, की तिचा जीव नेमका कशावर जडला होता.