कारणाचा रकाना

चिखलदरा तालुक्यातल्या सेमाडोहहून हरिसाल, धारणी करत जाणारी वाट मेळघाट ओलांडून पुढे खांडव्याच्या मुलखात उतरते. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांतातली गांजाची शेती मुख्यतः तिथेच होई. वऱ्हाडातल्या व्यसनांचा मागोवा घेताना या शेजारामुळेच मी एका जुन्या सरकारी अहवालापर्यंत पोहोचलो.

भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये आयोग नेमला. त्याने ११९३ जणांच्या साक्षी घेतल्या. गांजाने वेड लागते, असा तेव्हा समज होता आणि त्यासाठी वेड्यांच्या इस्पितळांतले आकडे दाखवले जात. आयोगाने १८९२ सालची प्रकरणे एकेक करून तपासली. नोंदवहीतल्या ‘कारण’ या रकान्यात ‘गांजा’ हा शब्द पुष्कळदा पोलिसांच्या कागदावरून, चौकशीशिवाय उतरवलेला निघाला. बेताचे सेवन सहसा अपाय करत नाही, अतिसेवन करते, असे मत देऊन आयोगाने बंदीऐवजी कर आणि परवान्यांची शिफारस केली.

सोडलेले व्यसन पुन्हा का जडते, हे मात्र त्या काळच्या साधनांनी कळण्याजोगे नव्हते. १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांना मॉन्ट्रियलमध्ये दिसले, की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा हलका स्पर्श मिळावा म्हणून उंदीर पुन्हापुन्हा कळ दाबतात. पुढे १९९० च्या दशकात एरिक नेस्लर व सहकाऱ्यांनी याच सुखयंत्रणेच्या पेशींमध्ये ‘डेल्टा फॉस-बी’ या प्रथिनाचा माग काढला. कोकेन, मॉर्फिन, दारू किंवा गांजातले मादक द्रव्य वारंवार दिले की ते प्राण्यांच्या मेंदूत साठते आणि द्रव्य थांबल्यावरही काही आठवडे टिकते. जनुकांची अक्षरे तीच राहतात. पण कोणते जनुक किती वाचले जावे, हे बदलते.

यातून माणसाची जबाबदारी संपत नाही, आणि गरिबी, संगत, सहज मिळणारी बाटली ही कारणेही पुसली जात नाहीत. पण सोडल्यानंतरचे पहिले आठवडे इतके अवघड का, हे समजू लागते. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणने व्यसन हा आजार मानून उपचार केले, ते याच वाटेने. आपण मात्र पुन्हा घसरलेल्या माणसापुढे ‘मनाचा कच्चा’ एवढेच लिहून मोकळे होतो. तो रकाना अजूनही चौकशीशिवायच भरला जातो.