व्हिडिओ चालकातील नियंत्रणे व त्यांचे प्रलेखन

चित्र टिपणाऱ्या किंवा चित्रसंकेत ग्रहण करणाऱ्या साधनाचे (उदा., संगणकाला जोडलेला कॅमेरा, दूरचित्रवाणीचे कार्ड) गुणधर्म आज्ञेने कमीअधिक करण्याची जी सोय त्या साधनाच्या चालक आज्ञावलीत केलेली असते, तिला नियंत्रण म्हणतात. चालक हा साधन आणि वापरणाऱ्याची आज्ञावली यांच्यामधील दुवा होय. वापरणाऱ्याची आज्ञावली नियंत्रणाचा क्रमांक व एक मूल्य चालकाकडे पाठविते आणि चालक त्याप्रमाणे साधनाची मांडणी बदलतो. क्रमांक व मूल्य हे दोन्ही नुसते आकडे असल्याने त्यांचा अर्थ लेखी नोंदीवाचून कळू शकत नाही. ही नोंद म्हणजेच नियंत्रणांचे प्रलेखन होय. लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीतील ‘व्हिडिओ फॉर लिनक्स’ या इंटरफेसमध्ये, म्हणजे चालक व इतर आज्ञावली यांच्यातील व्यवहाराच्या संकेतसंचामध्ये, हे प्रलेखन कसे घडत गेले याचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. कारण तेथील चर्चा, दुरुस्त्या व रद्द झालेल्या नोंदी सर्वांना पाहण्यासाठी खुल्या आहेत.

पूर्वपीठिका : संगणकीय नियंत्रणांची पहिली नावे दूरचित्रवाणी संचाच्या बटणांवरून आली. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, रंगाचा गडदपणा व रंगछटा ही ती नावे होत. बटण फिरविणारा माणूस पडद्याकडे पाहत असे व चित्र मनासारखे दिसले की थांबत असे. बटण नेमके किती अंशांतून फिरले याची नोंद ठेवण्याचे त्याला कारण नव्हते. कोणती बटणे लागतात हे प्रक्षेपणपद्धतीवरही अवलंबून होते. अमेरिकेत १९५३ मध्ये मान्य झालेल्या एन्टीएस्सी पद्धतीत संकेताच्या कलेत दोष आल्यास रंगछटा बदलते. म्हणून संचावर रंगछटेचे बटण ठेवावे लागे. जर्मनीत वॉल्टर ब्रुख यांनी विकसित केलेल्या पाल पद्धतीत एकाआड एक रेषांमध्ये कला उलटविली जाते. त्यामुळे हा दोष परस्परांत विरून जातो आणि या बटणाची निकड उरत नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले ते पाल पद्धतीनेच. पुढे दूरचित्रवाणी कार्डे संगणकात बसू लागली तेव्हा पद्धतींमधील हा भेद चालकांकडेही आला. रंगछटेचे नियंत्रण एका देशात आवश्यक, तर दुसऱ्या देशात निरुपयोगी ठरू लागले.

पहिली आवृत्ती : व्हिडिओ फॉर लिनक्सची पहिली आवृत्ती लिनक्स गाभ्याच्या २.१ या विकासमालेत तयार झाली व १९९९ च्या आरंभी आलेल्या २.२ या स्थिर आवृत्तीबरोबर प्रसृत झाली. तिच्या रचनेत व प्रलेखनात ॲलन कॉक्स यांचा प्रमुख वाटा होता. चित्राचे गुणधर्म तिच्यात एका ठराविक चौकटीत बसविलेले होते : ब्राइटनेस, रंगछटा, रंग, कॉन्ट्रास्ट व श्वेतता. प्रत्येकाचे मूल्य ० ते ६५,५३५ या एकाच मापात द्यावयाचे व चालकाने ते आपल्या साधनाच्या मापात बदलून घ्यावयाचे, असा संकेत होता. हा संकेत सुटसुटीत होता. परंतु चौकटीत नसलेल्या गुणधर्माला तेथे जागा नव्हती. शिवाय साधनावर प्रत्यक्षात किती पायऱ्या आहेत, मूळ मूल्य कोणते, एखादे नियंत्रण अस्तित्वात आहे की नाही, हे आज्ञावलीला विचारता येत नसे.

दुसरी आवृत्ती : ऑगस्ट १९९८ मध्ये बिल डर्क्स यांनी सुधारणा सुचविल्या आणि प्रलेखन, नमुन्याचे चालक व नमुन्याच्या आज्ञावली यांचे काम एकाच वेळी हाती घेतले. या कामातून मूळ इंटरफेसची जागा घेणारा नवा इंटरफेस तयार झाला. तो गाभ्यात स्वीकारला जाण्यास आणखी चार वर्षे लागली. २००२ मध्ये तो २.५ या विकासमालेत व डिसेंबर २००३ मध्ये २.६ या स्थिर आवृत्तीत आला. त्याच्या प्रलेखनाचे मोठे काम मायकेल शिमेक यांनी केले. जुना इंटरफेस २०११ मध्ये २.६.३८ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला.

नव्या रचनेतील मुख्य बदल असा की, नियंत्रण स्वतःविषयीची माहिती स्वतःच देऊ लागले. विचारणा केल्यावर चालक क्रमांक, प्रकार, नाव, किमान व कमाल मूल्य, पायरी, मूळ मूल्य आणि काही खुणा कळवितो. पूर्णांक, होय-नाही, पर्यायसूची व बटण हे आरंभीचे प्रकार होत. नावासाठी ३२ बाइट राखलेले असून ते आस्की लिपिसंकेतात असावे लागते. या संकेतात देवनागरी अक्षरे बसत नाहीत. परंतु क्रमांक सर्वत्र एकच असल्याने त्यावरून मराठी नाव दाखविणे वापरणाऱ्याच्या आज्ञावलीला शक्य असते.

अर्थनिश्चितीचा प्रश्न : मर्यादा चालक सांगू शकतो, अर्थ मात्र ग्रंथातच ठरवावा लागतो. ब्राइटनेस या परिचित शब्दाचा अर्थ प्रलेखनात ‘अधिक काटेकोरपणे, काळ्याची पातळी’ असा स्पष्ट करावा लागला आणि कॉन्ट्रास्ट म्हणजे प्रकाशसंकेताचे वर्धन असे सांगावे लागले. पहिल्या आवृत्तीतून आलेले श्वेतता हे नियंत्रण प्रत्यक्षात गॅमा या नियंत्रणाचेच दुसरे नाव असल्याचे नोंदवून ते कालबाह्य ठरविण्यात आले. स्वयंचलित प्रकाशनाच्या पर्यायसूचीत ० म्हणजे स्वयंचलित व १ म्हणजे हस्तचलित, असा क्रम आहे. ० म्हणजे बंद व १ म्हणजे चालू, असा सर्वसाधारण समज धरून चालणारा येथे नेमकी उलटी मांडणी करील. प्रकाशनकाल १०० मायक्रोसेकंदांच्या एककात मोजला जातो. म्हणजे १०,००० हे मूल्य पूर्ण एक सेकंद आणि १०० हे मूल्य सेकंदाचा शंभरावा भाग दर्शविते. प्रकाशाचे रंगतापमान केल्विनमध्ये देतात. तापदीपासाठी ते सुमारे २,८०० व दिवसाच्या प्रकाशासाठी सुमारे ६,५०० असते.

वीजपुरवठ्याच्या वारंवारतेचे नियंत्रण : या नियंत्रणात ० म्हणजे बंद, १ म्हणजे ५० हर्ट्‌झ, २ म्हणजे ६० हर्ट्‌झ व ३ म्हणजे स्वयंचलित, असा संकेत आहे. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा आहे. त्यामुळे साध्या चोकवर चालणाऱ्या नळीदिव्याचा प्रकाश दर सेकंदास १०० वेळा कमीअधिक होतो. अमेरिकेत हीच संख्या १२० असते. प्रकाशनकाल या चढउताराच्या पूर्ण पटीत असेल तर चित्राच्या प्रत्येक ओळीला सारखा प्रकाश मिळतो. तसा नसेल, तर ओळी क्रमाक्रमाने टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रावर काळसर आडवे पट्टे उमटतात व चित्र लुकलुकते. जालना जिल्ह्यातील घनसावंगी येथील एखाद्या वर्गात अशा दिव्याखाली लावलेल्या कॅमेऱ्यात २ हे मूल्य असेल, तर कॅमेरा प्रकाशनकाल सेकंदाच्या १२० व्या भागाच्या पटीत ठेवील आणि पट्टे दिसू लागतील. दोष कॅमेऱ्याचा नसतो व दिव्याचाही नसतो. एक हा आकडा कोणत्या पुरवठ्याचा व दोन कोणत्या पुरवठ्याचा, एवढे ठाऊक असले की तो दूर करता येतो. यूएसबी व्हिडिओ वर्गाच्या प्रमाणकातही १ व २ यांचा अर्थ हाच आहे. या वर्गातील कॅमेऱ्यांचा सामाईक चालक लिनक्सच्या गाभ्यात २००८ मध्ये समाविष्ट झाला. तेव्हापासून निरनिराळ्या उत्पादकांच्या कॅमेऱ्यांना एकच नोंद लागू पडू लागली.

विस्तार : चित्रसंपीडन करणाऱ्या कार्डांमुळे नियंत्रणांची संख्या वाढली. अनेक मूल्ये एकत्र तपासून एकाच वेळी लागू करण्याची विस्तारित नियंत्रणपद्धती २००६ मध्ये आली. तिची रचना व प्रलेखन हान्स व्हेरकुइल यांनी केले. प्रत्येक चालक मर्यादा तपासण्याचे काम आपापल्या परीने करीत असल्याने वर्तनात फरक पडत असे. त्यावर उपाय म्हणून व्हेरकुइल यांनीच सिद्ध केलेली सामाईक नियंत्रण-चौकट २०१० मध्ये २.६.३६ या आवृत्तीत आली. तिच्यामुळे प्रमाण नियंत्रणांची नावे व प्रकार एकाच ठिकाणी लिहिले जाऊ लागले. २०१४ मध्ये ३.१७ या आवृत्तीत एका नियंत्रणात संपूर्ण सारणी किंवा संरचना पाठविण्याची सोय झाली. काही संपीडन-विमोचक साधने स्वतःजवळ कोणतीही पूर्वस्थिती ठेवीत नाहीत. त्यांना प्रत्येक चित्राबरोबर अशा संरचना द्याव्या लागतात. त्यांतील एकेका घटकाचा अर्थ प्रलेखनात नसेल, तर चित्र उलगडतच नाही.

प्रलेखनाची व्यवस्था : आरंभी हे प्रलेखन गाभ्याबाहेर स्वतंत्रपणे ठेवले जात असे. पुढे ते गाभ्याच्या मूळ संहितेतच समाविष्ट झाले व २०१६ मध्ये माउरो कार्व्हाल्यो शेहाब यांच्या पुढाकाराने साध्या मजकुरासारख्या लेखनपद्धतीत आणण्यात आले. संहिता व तिचे स्पष्टीकरण शेजारी राहिल्याने नव्या नियंत्रणाचा प्रस्ताव त्याच्या लेखी व्याख्येसह तपासणे सोपे झाले. चालकाचे वर्तन नोंदीशी जुळते की नाही हे पाहणारी परीक्षक आज्ञावलीही उपलब्ध आहे. वापरणाऱ्यांच्या चालू आज्ञावली मोडतील असा बदल गाभ्यात करावयाचा नाही, हे लिनक्सचे जुने धोरण आहे. त्यामुळे एकदा प्रसृत झालेला क्रमांक दुसऱ्या अर्थाने वापरता येत नाही. चुकलेले नाव पुसले जात नाही. ते कालबाह्य अशी खूण होऊन ग्रंथात राहते.

मर्यादा : सर्व गुणधर्मांना भौतिक एकक लाभलेले नाही. ब्राइटनेसच्या मूल्यांची मर्यादा साधनागणिक वेगळी असते. एका कॅमेऱ्यावरील १२८ आणि दुसऱ्यावरील १२८ यांची तुलना करता येत नाही. भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्यांसारख्या गुंतागुंतीच्या साधनांत अनेक नियंत्रणे परस्परावलंबी असतात. त्यांचा मेळ घालण्यासाठी २०१८ मध्ये लिबकॅमेरा हा स्वतंत्र प्रकल्प पुढे आला. तथापि ज्या गुणधर्मांना एकक, पर्यायसूची व व्याख्या मिळाली, त्यांची मांडणी साधन बदलले तरी पुन्हा जशीच्या तशी करता येते. डोळ्यांच्या अंदाजाने फिरविल्या जाणाऱ्या बटणाच्या बाबतीत ही शक्यता नव्हती.