जेरुसलेमचे यात्रेकरू आणि एक परकी कबर

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील सर्वांत मोठ्या बेटावर हिरवळीने झाकलेले, सुमारे 7 मीटर उंच आणि 35 मीटर व्यासाचे एक टेकाड दिसते. हे निसर्गाचे नव्हे, माणसाचे काम होय. त्याचे नाव मेझहाऊ. सुमारे 5000 वर्षांपूर्वी, म्हणजे परंपरेने आब्राहामाचा जो काळ मानतात त्याच्याही कित्येक शतके आधी, धातू ठाऊक नसलेल्या शेतकऱ्यांनी आपल्या मृतांसाठी ही वास्तू रचली.

सुमारे 11 मीटर लांबीचा ठेंगणा मार्ग वाकून ओलांडला की साडेचार मीटरांहून किंचित मोठे असे चौरस दालन लागते. त्याच्या तीन भिंतींत एकेक लहान कोठडी आहे. बांधकामात चुना नाही. सपाट शिळांचा प्रत्येक थर थोडा आत सरकवीत छप्पर आवळत नेले आहे. डिसेंबरात, वर्षातील सर्वांत लहान दिवसांच्या सुमारास, मावळत्या सूर्याचे किरण त्या मार्गातून थेट मागच्या भिंतीपर्यंत पोहोचतात. बांधणाऱ्यांचा देव कोणता, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. परंतु मृतांच्या काळोखात वर्षातून एकदा तरी उजेड शिरावा, अशी त्यांची आस असावी, असे आम्हांस वाटते.

पुढे चार हजार वर्षे लोटली. नॉर्वेहून आलेल्या दर्यावर्दी लोकांचा अंमल ऑर्कनीवर बसला आणि तेही ख्रिस्ती झाले. बाराव्या शतकाच्या मध्यास त्यांच्यापैकी काहींनी ही कबर फोडली व आतील भिंतींवर आपल्या रून लिपीत तीसहून अधिक लेख कोरले. 1861 साली जेम्स फॅरर यांनी उत्खनन केले, तेव्हा हे लेख उजेडात आले. त्यांत धर्मवचने असतील असे कोणास वाटल्यास त्याची निराशा होईल! कोणी केवळ आपले नाव कोरले आहे, कोणी एका स्त्रीच्या रूपाची वाखाणणी केली आहे, कोणी आपल्याइतका रूनपंडित दुसरा नाही अशी फुशारकी मारली आहे. येथील मोठा खजिना आधीच कोणी नेला, अशीही नोंद आहे. आणि कबर कोणी फोडली, याचे उत्तरही तेथेच आहे : जेरुसलेमच्या यात्रेकरूंनी!

हे यात्रेकरू बहुधा सरदार रॉग्नवाल्ड यांच्या परिवारातील. रॉग्नवाल्ड यांनी आपले हुतात्मा मामा संत मॅग्नस यांच्या स्मरणार्थ 1137 साली कर्कवॉल येथे महामंदिराची पायाभरणी केली. 1151 साली ते जहाजांचा ताफा घेऊन पवित्र भूमीकडे निघाले आणि 1153 साली परतले. त्याच काळात दुसरे सरदार हॅराल्ड हिमवादळात या टेकाडाच्या आश्रयास शिरले व त्यांचे दोघे सोबती तेथे वेडे झाले, असे ऑर्कनीच्या सरदारांची जुनी गाथा सांगते.

कबर फोडली ती यात्रेपूर्वी की यात्रेनंतर, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. आमच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तारखेचा नाही. निघण्यापूर्वीची गोष्ट असेल, तर अनुकूल वाऱ्याची वाट पाहत थंडीत बसलेल्या रिकामटेकड्या तरुणांचे ते उपद्व्याप म्हणता येतील. परंतु परतल्यानंतरची असेल, तर? प्रभूच्या रिकाम्या कबरीपुढे गुडघे टेकून आलेल्या हातांनीच दुसऱ्यांच्या पूर्वजांची कबर खजिन्यासाठी उचकटली, असा त्याचा अर्थ होतो. यात्रा घडली म्हणजे मन पालटलेच, असे आपण सहज धरून चालतो. मेझहाऊच्या भिंती तसे धरून चालू देत नाहीत. तरीही त्या यात्रेकरूंना केवळ लुटारू म्हणणे आमच्या जिवावर येते. त्याच भिंतींवर त्यांनी क्रूसही कोरले आहेत, आणि ज्यांच्यासंगे ते समुद्र ओलांडून गेले त्या रॉग्नवाल्ड यांना, 1158 साली त्यांची हत्या झाल्यावर, 1192 मध्ये संतपद लाभले.

संत मॅग्नस यांच्या अस्थी 1919 साली कर्कवॉलच्या महामंदिरातील एका खांबात सापडल्या. कवटीवर घावाची खूण होती. त्या पुन्हा त्याच खांबात आदरपूर्वक ठेवण्यात आल्या. मेझहाऊ ज्यांच्यासाठी बांधले, त्यांच्यापैकी फॅरर यांच्या हाती लागला तो केवळ कवटीचा एक तुकडा.