खित्तचित्त : पाली वाङ्मयातील आघातग्रस्त मन

भीषण आघातानंतर मनुष्याचे मन पूर्ववत राहत नाही, हे मानवाला प्राचीन काळापासून ठाऊक आहे. वैद्यकशास्त्राने मात्र त्याची स्वतंत्र दखल उशिरा घेतली. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या अशा अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हटले गेले. १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी तिच्यावर लेख लिहिला. तरीही अनेक सैनिकांच्या वाट्याला भ्याडपणाचा कलंकच आला. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकन मानसोपचार संघटनेने ‘आघातोत्तर ताणविकार’ हे निदान मान्य केले.

या पार्श्वभूमीवर थेरीगाथेतील वासेट्ठी थेरीचे आत्मकथन अभ्यसनीय ठरते. पुत्रशोकाने ती ‘खित्तचित्त’, म्हणजे विक्षिप्त मनाची, झाली. वस्त्रांचे भान नाही, केस विस्कटलेले, अशा अवस्थेत तहानभुकेने व्याकूळ होऊन ती तीन वर्षे उकिरड्यांवर, स्मशानांत व रस्त्यांवर भटकली. आजचे निदान तिच्यावर लादणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु शोकाने मोडलेले मन दैनंदिन जीवनात कसे ओळखावे, याची ही स्पष्ट नोंद होय. मिथिलेकडे निघालेल्या तथागतांच्या दर्शनाने ती प्रथम भानावर आली. धम्मदेशना त्यानंतर झाली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

विनयपिटकात याच जाणिवेला नियमाचे रूप मिळाले. उन्मत्त, खित्तचित्त आणि वेदनेने व्याकूळ झालेल्या भिक्षूला आपत्ती, म्हणजे दोष, लागत नाही. महावग्गात गग्ग नावाच्या उन्मत्त भिक्षूचा प्रसंग येतो. त्याला उपोसथाचे कधी स्मरण राही, कधी राहत नसे. तो कधी येई, कधी येत नसे. त्याच्या उन्मादाचे कारण तेथे सांगितलेले नाही. संघाने त्याला दंड केला नाही. तो येवो वा न येवो, उपोसथ वैधच राहील, अशी संमती संघाने विधिपूर्वक दिली.

आपल्या वस्त्यांतही अत्याचार, जाळपोळ वा अपघात सोसलेली माणसे आहेत. झोप उडणे, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, साध्या आवाजाने दचकणे, ती वाट टाळणे, कामावरून लक्ष उडणे ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकून जगणे अवघड झाले, तर तो आळस नव्हे, भूतबाधा तर नव्हेच. अशा व्यक्तीला तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले पाहिजे. उपदेश नंतर करता येईल. दोषारोप न करता तिची जागा राखून ठेवणे, हा गग्गाच्या संघाने घालून दिलेला पायंडा होय.