कर्जत-खालापूरला घर किंवा प्लॉट घेताय? आधी सातबारा वाचा, मग विसार द्या

मुंबई-ठाण्यात चाळीतल्या खोलीवर किंवा भाड्याच्या घरावर दिवस काढणारे आपले बांधव आता स्वतःच्या घरासाठी बदलापूर ओलांडून नेरळ, कर्जत, खोपोलीकडे पाहू लागले आहेत. पनवेल-कर्जत मार्ग उपनगरी रेल्वेसाठी घेतल्यापासून खालापूर तालुक्यातील चौकचे नावही जाहिरातीत झळकते. बऱ्याच कुटुंबांत घर विकत घेणारी ही पहिलीच पिढी आहे. आई-वडिलांनी खरेदीखत कधी हातात धरलेले नसते, त्यामुळे एजंट सांगेल तो कायदा, अशी स्थिती होते. म्हणून आम्हाला वारंवार विचारले जाणारे काही प्रश्न येथे घेत आहोत.

पहिला प्रश्न नेहमीचा: साठेखत झाले म्हणजे घर आपले झाले का? नाही. साठेखत म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार. मालकी मिळते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखताने. नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. कुलमुखत्यारपत्रावर जमीन ‘विकणे’ ही मालकी हस्तांतराची रीतच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही कर्जत परिसरात गुंठ्यावारी प्लॉट विकणारे आजही हेच दोन कागद पुढे करतात.

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेताना महारेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो संकेतस्थळावर स्वतः तपासा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी बंधनकारक आहे. जमिनीचे प्लॉट पाडून विकणाऱ्यालाही ती लागते, हे अनेकांना माहीत नसते. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा वेळेत दिला नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात. घर आई, पत्नी किंवा बहिणीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. एवढे एकच कारणही पुरेसे आहे.

प्लॉटचे प्रकरण मात्र फ्लॅटपेक्षा जास्त फसवे असते. जाहिरातीत ‘एनए प्लॉट’ लिहिलेले असते आणि सातबाऱ्यावर जमीन शेतीचीच निघते. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. (गावाकडच्या सातबाऱ्यावर तुमचे नाव असेल तर तुम्ही शेतकरी आहात, तो उतारा जपून ठेवा.) शिवाय तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे करून विकता येत नाहीत. मग दहा अनोळखी माणसांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवण्याची युक्ती काढली जाते. आपला गुंठा नेमका कोणता, हे उद्या मोजणीच्या वेळी कोणालाच दाखवता येत नाही. २०२५ मध्ये सरकारने काही क्षेत्रांतील जुने तुकडे नियमित करण्याची वाट काढली, तिचा अर्थ नवे तुकडे पाडायला मोकळीक मिळाली असा नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. आजूबाजूच्या भावापेक्षा बरीच स्वस्त जमीन दाखवली गेली तर सातबाऱ्याचा माथा नीट पाहा. तिथे ‘भोगवटादार वर्ग-२’, ‘इनाम वर्ग ६-ब’, ‘महार वतन’ किंवा ‘नवीन अविभाज्य शर्त’ यापैकी काही आहे का? असेल, तर ती जमीन बहुधा आपल्याच कोणा कुटुंबाची आहे.

वतनाच्या तुकड्यासाठी गावाची वेठ करायची, या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. वतने प्रत्यक्षात गेली ती मुंबई कनिष्ठ गाववतने निर्मूलन कायदा, १९५८ मुळे, १ ऑगस्ट १९५९ पासून. ठरलेली रक्कम भरून जमिनी मूळ वतनदारांना पुन्हा दिल्या गेल्या, पण अट घातली की जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय त्या विकता येणार नाहीत. परवानगीविना व्यवहार झाला तर तो शर्तभंग ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. म्हणजे घेणाऱ्याचे पैसे जातात आणि मूळ वतनदाराची जमीनही. पुण्याच्या मुंढव्यातील महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीचा व्यवहार नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा हा कायदा अनेकांनी पहिल्यांदा ऐकला.

‘शर्त नंतर शिथिल करून घेऊ’ असे एजंट म्हणाला तर तिथेच उठा. परवानगीचा आदेश आणि नजराण्याचे चलन, दोन्ही आधी हातात हवे. सातबाऱ्यावर वर्ग-१ दिसले म्हणूनही निश्चिंत होऊ नका, संगणकीकरणात जुन्या शर्ती कधी कधी गळलेल्या असतात. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्ग-२ जमिनींची वेगळी नोंदवही असते. तिला गाव नमुना १-क म्हणतात. त्यात गट नंबर शोधा आणि जुने हस्तलिखित सातबारे व फेरफार काढा. गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की आपल्या गावाचा १-क एकदा तरी वाचून काढा. कोणाच्या वतनाच्या जमिनीवर कोणाचे फार्महाऊस उभे आहे, ते त्यातून कळू लागते.

हीच काळजी आदिवासींच्या जमिनीबाबत. कर्जत-खालापूर हा ठाकूर आणि कातकरी वस्तीचा भाग आहे. महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि तिला शासनाची पूर्वमान्यता लागते. आपल्या वतनाबद्दल बोलायचे आणि कातकऱ्याचा गुंठा कुलमुखत्यारपत्रावर घ्यायचा, हे आम्हाला तरी पटत नाही.

माथेरानभोवतीचा पट्टा ४ फेब्रुवारी २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे बांधकामावर कडक बंधने आहेत. खालापूरची काही गावे सिडकोच्या नैना क्षेत्रात येतात. म्हणून ग्रामपंचायतीचा दाखला दाखवून ‘बांधकामाला परवानगी आहे’ असे कोणी म्हणाले तर नियोजन प्राधिकरण कोण, हे विचारा आणि झोन दाखला मागा.

विक्री करणाऱ्या कुटुंबातील सर्व वारसांच्या सह्या आहेत का, हेही पाहा. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर ‘त्यांचे काही म्हणणे नाही’ या तोंडी आश्वासनावर पैसे देऊ नका. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. त्याची फी लोकांना जड वाटते, पण ती विसाराच्या रकमेपुढे किरकोळ असते.

इमारत पूर्ण झाल्यावरही एक काम उरते. सोसायटी नोंदल्यानंतर चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावे करून द्यायची असते. त्याने टाळाटाळ केली तर जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. त्याला बिल्डरची सही लागत नाही. हे न केल्यास उद्या पुनर्विकासाच्या वेळी जमिनीचा मालक बिल्डरच राहतो.

शेवटचा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात: जुन्या सोसायटीत फ्लॅट घेतला, पण आडनाव ऐकून समिती सदस्यत्व देत नाही, तर? सहकारी संस्था कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तुम्ही सदस्य झालात असे कायदा मानतो. नकार आला तर तो लेखी मागा आणि दोन महिन्यांच्या आत निबंधकाकडे अपील करा.