लाकडाचे गर्द रंगकाम : मिरजेची तंतुवाद्ये

सांगली जिल्ह्यातील मिरज येथे तयार होणाऱ्या सतार व तंबोरा या वाद्यांवरील गर्द, एकसारखा रंग हा तेथील कारागिरीचा महत्त्वाचा भाग होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी येथे वाद्यनिर्मितीचा पाया घातला. शिकलगारांचा मूळ व्यवसाय शस्त्रांना धार व झिलई देण्याचा होता. ब्रिटिश अंमल स्थिरावल्यावर शस्त्रांची मागणी घटली; तथापि पटवर्धन संस्थानिकांच्या संगीताश्रयामुळे या कारागिरांना वाद्यकामाचा नवा मार्ग लाभला.

तंबोऱ्याचा तुंबा भोपळ्याचा, तर दांडी व तबली लाकडाची, मुख्यतः तुनाची असते. भोपळे मंगळवेढा परिसरातून येतात. भोपळ्याची साल गुळगुळीत व कठीण असल्याने तिच्यात रंग सहसा मुरत नाही. तुनाच्या लाकडातील वाहिन्या मात्र सर्वत्र सारख्या नसतात. त्यामुळे रंग कोठे अधिक, तर कोठे कमी शोषला जाऊन डाग पडतात. अशा दोन भिन्न पदार्थांवर एकच छटा आणणे, ही या कामातील खरी अडचण आहे.

लाकूड गर्द करण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिलीत रंग लाकडातच निर्माण होतो : टॅनीन व लोहाची लवणे यांच्या संयोगाने निळसर काळा रंग येतो. ज्या लाकडात टॅनीन अल्प असते त्यास आधी टॅनीनयुक्त काढा द्यावा लागतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात विपुल आढळणारा हिरडा टॅनीनसाठी प्रसिद्ध आहे. दुसऱ्या रीतीत रंग पृष्ठभागावरील लेपातून येतो. भोपळा व लाकूड एकाच छटेत आणण्यास ही रीत अधिक सोयीची ठरते.

या रीतीत भोपळा व लाकूड काचकागदाने घासून गुळगुळीत केल्यावर स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्या लाखेचा पातळ थर देतात. त्यामुळे लाकडाची छिद्रे बुजतात व शोषण सारखे होते. नंतर रंग मिसळलेल्या लाखेचे अनेक पातळ थर कापडी बोळ्याने चढवितात. स्पिरिट उडून जाते व लाखेचा पारदर्शक पापुद्रा उरतो. छटा थराथराने गडद होत असल्याने तिच्यातील उणीव वेळीच दुरुस्त करता येते. १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग तयार झाल्यानंतर रंगांच्या निवडीस वाव वाढला.

लेप जाड झाल्यास तबलीच्या कंपनांस अडथळा येतो. म्हणून रंग गर्द, पण थर पातळ राखावा लागतो. लाखेचा लेप स्पिरिटने पुन्हा विरघळत असल्याने जुन्या वाद्याची डागडुजी बेमालूम करता येते. आधुनिक कृत्रिम लेप अधिक टिकाऊ असले, तरी कित्येकदा ते खरवडूनच काढावे लागतात. मिरजेची सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले.