नाशिकच्या हिऱ्याचे पैलू

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील कारखान्यांत हिरा रोज वापरला जातो. दिसत मात्र नाही. कार्बाइडच्या टूलला धार लावणाऱ्या चाकात त्याची पूड असते. दागिन्यातील हिराही अशाच पुडीने घासतात, कारण हिऱ्याला हिराच झिजवू शकतो. पैलू पाडणे म्हणजे मोजूनमापून झिजवणे. अशा झिजण्याचा एक इतिहास आमच्या वेशीपासूनच सुरू होतो.

दापोडीचा पूल ओलांडला की खडकी लागते. तेथे 5 नोव्हेंबर 1817 रोजी पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झाली. पुढच्या वर्षी दुसरा बाजीराव शरण गेला आणि सुमारे 90 कॅरटचा एक हिरा इंग्रजांच्या हाती लागला. तो त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, असे परंपरा सांगते. म्हणून त्याचे नाव ‘नाशिकचा हिरा’.

आपल्याकडील कारागीर दगडाच्या नैसर्गिक घडणीला धरून पैलू पाडत आणि वजन होईल तेवढे राखत. युरोपातील कारागिरांचे लक्ष प्रकाशावर होते. हिऱ्यात शिरलेला किरण मागच्या पैलूच्या लंबाशी साडेचोवीस अंशांहून अधिक कोन करून पडला, तर तो बाहेर न जाता आतच परततो. कोन साधले की तो वरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येतो; दगड फार उथळ वा फार खोल असला तर निसटून जातो. हे कोन साधायचे तर वजनाचा मोह सोडावा लागतो.

लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी नाशिकच्या हिऱ्याला नव्याने पैलू पाडले, पण जुनी घडण शक्यतो सांभाळली. वजन 80 कॅरटच्या आसपास राहिले. 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी त्याला लांबट चौकोनी आकार दिला. उरले 43.38 कॅरट.

तेज वाढले, हे आम्ही नाकारत नाही. मात्र परदेशी गेलेल्या ठेव्याविषयी बोलताना, तो गेला तसाच तेथे असेल, असे आपण गृहीत धरतो. नाशिकचा हिरा उद्या परत आला, तरी बाजीरावाच्या हातून गेलेला हिरा येणार नाही. मूळ कारागिराचे पैलू निम्म्याहून अधिक वजनासह झिजून गेले आहेत; आणि हिऱ्याची पूड सहसा कोणी टाकून देत नाही, ती पुढचे हिरे घासण्याच्या कामी येते.